शुद्ध हरपत नाही, तरीही ती फिट असू शकते : एक तातडीचं आवाहन

हे आवाहन ज्यांच्यासाठी आहे, त्यांतल्या अनेकांना आपल्याला फिट येते हे ठाऊकच नाही. ते कधी खाली कोसळलेले नाहीत. त्यांच्या तोंडाला फेस आलेला नाही, दातखीळ बसलेली नाही, कुणी त्यांच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरलेली नाही. त्यांच्या बाबतीत घडतं ते असं : भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना, एसटीत खिडकीशी बसलेलं असताना पोटातून काहीतरी उसळतं आणि छातीकडे, घशाकडे चढत जातं. कुणाला त्याच क्षणी कारण नसताना भीती दाटून येते. कुणाला समोरची खोली, समोरचा माणूस आणि त्याचं बोलणं हे सगळं अगदी असंच पूर्वी घडून गेलंय अशी खात्री वाटते. कुणाला काहीतरी जळल्याचा वास येतो, जो शेजारी बसलेल्याला येत नाही. अर्धं मिनिट, एक मिनिट, फार तर दोन. मग ओसरतं, आणि भाजी चिरणं पुढे चालू होतं.

या सगळ्या वेळात माणूस शुद्धीवर असतो. आजूबाजूला काय चाललंय ते त्याला कळतं, नंतर आठवतंही. म्हणून तो ते कुणाला सांगत नाही. सांगितलंच, तर पित्त झालं असेल, विचार फार करतेस, बीपी तपासून घे, असं काहीबाही ऐकून गप्प बसतो. काही जण तर मुद्दाम लपवतात. आपल्याला वेड लागतंय असं लोकांना वाटेल, ही भीती त्यांना त्या झटक्यापेक्षाही मोठी वाटते.

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. मोठा झटका येऊन अॅम्ब्युलन्समधून आणलेल्या रुग्णाला शुद्ध आल्यावर आम्ही विचारतो, ‘याआधी कधी असं काही झालं होतं का?’ उत्तर येतं, ‘नाही, ही पहिलीच वेळ.’ मग नेमकं विचारायचं : पोटातून वर काही चढल्यासारखं? एका हाताला अचानक मुंग्या? शब्द तोंडाशी येऊन अडकणं? आणि रुग्ण चकित होऊन म्हणतो, ‘ते तर कधीपासून होतंय. त्याचा याच्याशी काय संबंध?’

संबंध थेट आहे. तेही अपस्माराचेच झटके होते, फक्त मेंदूच्या एका लहान भागापुरते मर्यादित. मोठा झटका येईपर्यंत थांबू नका, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

थांबण्याची किंमत किती असते, हे एका अभ्यासातून स्पष्ट दिसलं. अमेरिका, कॅनडा, युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथल्या मोठ्या अपस्मार केंद्रांतल्या रुग्णांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या झटक्यांत हातपाय झडत होते, त्यांचं निदान पहिल्या झटक्यानंतर साधारण ६० दिवसांत झालं. ज्यांच्या झटक्यांत बाहेरून काही दिसत नव्हतं, त्यांना ६१६ दिवस लागले. हे मध्यक आकडे आहेत, म्हणजे निम्म्या रुग्णांना याहूनही जास्त वाट पाहावी लागली. निदान होण्याआधी ज्यांच्या हातून वाहन अपघात घडले, त्यांतले बहुतेक याच दुसऱ्या गटातले होते. तज्ज्ञ आणि यंत्रं हाताशी असलेल्या देशांत ही गत असेल, तर गडचिरोलीत किंवा जतमध्ये काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. एखाद्या ठिकाणच्या पुष्कळ पेशी अचानक एकाच वेळी, बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. आपण शुद्धीवर राहतो ते मेंदूच्या दोन्ही बाजू आणि खोलवरचे भाग मिळून. त्यामुळे गडबड एका कोपऱ्यातच राहिली, तर शुद्ध शाबूत राहते आणि फक्त त्या कोपऱ्याचं काम बिघडतं. तो कोपरा हाताच्या हालचालीचा असेल तर अंगठा उडू लागतो, मग मनगट, मग कोपर, कधी त्याच बाजूचा गाल. स्पर्शाचा असेल तर मुंग्या अशाच सरकत जातात. मागचा, दृष्टीचा भाग असेल तर नजरेच्या एका बाजूला रंगीत गोल ठिपके लुकलुकतात. कानशिलाच्या आतला टेम्पोरल लोब असेल तर पोटातली उसळी, भीती, वास, आणि ते ‘हे आधी घडलंय’ वाटणं. भाषेचा भाग असेल तर माणसाला सगळं ऐकू येतं, समजतं, पण बोलता येत नाही. घरचे समजतात, रुसलाय. घसा कुणीतरी आवळतंय असं वाटणं, अंगावर एकाच बाजूला काटा येणं, लहान मुलाला आनंद नसताना वेळीअवेळी हसू फुटणं, हीसुद्धा कधीकधी याच आजाराची रूपं असतात. ते हसू बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या जन्मजात गाठीमुळे येतं, आणि पालक काही वर्षं ‘आमचं बाळ भारी हसरं’ म्हणून कौतुक करत राहतात.

ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८८८ साली एका रुग्णाची कहाणी छापली. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता. जॅक्सन यांनी त्याचं नाव झाकून त्याला ‘झेड’ म्हटलं. पुढे अभ्यासकांनी तो आर्थर थॉमस मायर्स असल्याचं शोधून काढलं. त्याच्या झटक्यांची सुरुवात अशीच व्हायची : विसरलेलं काहीतरी एकदम आठवल्याचं समाधान, ओळखीची एक दाट भावना, आणि क्षणभरात सगळं पुसलं जाणं. तो रस्त्यात असला तरी सोबतच्यांना पत्ता लागत नसे. पुढे झटके वाढले. एकदा तर झटक्याच्या अमलाखाली त्याने एका रुग्णाला तपासलं, छातीच्या डाव्या तळाशी न्यूमोनिया असल्याचं निदान लिहिलं, आणि भानावर आल्यावर त्याला त्यातलं काहीच आठवेना. आपल्याच हस्ताक्षरातलं निदान त्याने पुन्हा रुग्ण तपासून पडताळलं. ते बरोबर निघालं. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू उघडून पाहिला, तेव्हा डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला एक अगदी छोटी खराब झालेली जागा सापडली. जॅक्सन आणि कोलमन यांनी ते १८९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या जागेचा शोध घ्यायला त्यांना शवविच्छेदन करावं लागलं. आज एमआरआयमध्ये तशी जागा जिवंत माणसात दिसू शकते, पण त्यासाठी माणूस त्या यंत्रापर्यंत पोचायला हवा.

आपल्याकडे घाई करण्याची आणखी कारणं आहेत. भारतात अशा एकाच जागेच्या झटक्यांमागे पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ हे ठळक कारण आहे. ‘आम्ही माळकरी, डुकराचं मांस तर सोडाच, अंडंही खात नाही,’ असं म्हणून लोक हे निदान नाकारतात. पण हा संसर्ग कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या अंड्यांनी होतो. न धुतलेली कोथिंबीर, कोबी, दूषित पाणी, न धुतलेले हात यांतून तो शाकाहारी घरात सहज शिरतो. दुसरं कारण टीबीची गाठ. दोन्हींवर औषधं आहेत. जन्माच्या वेळी किंवा तापात मेंदूला झालेली जुनी इजा, डोक्याला लागलेला मार, पूर्वीचा पक्षाघात, हळूहळू वाढणारा ट्यूमर, यांची पहिली खूणसुद्धा असा एखादा ‘क्षुल्लक’ झटकाच असू शकतो.

दोन प्रसंगांत तर दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. पन्नाशी-साठीतल्या माणसाचा एक हात किंवा चेहऱ्याची एक बाजू सतत उडू लागली, तर आधी रक्तातली साखर बघा. मधुमेह असल्याचं माहीत नसलेल्या माणसात साखर फार वाढली की असे झटके येतात आणि साखर आटोक्यात आली की थांबतात. दुसरा प्रसंग कमी ठाऊक आहे. याच वयात चेहरा आणि त्याच बाजूचा हात मिळून क्षणभर आखडतो, दिवसातून कितीतरी वेळा. हातातला कप पडतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. शरीराच्या प्रतिकारशक्तीने मेंदूतल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केल्याने हे होतं. सोबत अनेकदा रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं. फिटच्या नेहमीच्या गोळ्यांनी हे फारसं थांबत नाही, स्टिरॉइडसारख्या उपचारांनी थांबतं. या टप्प्यावर ओळखलं नाही तर पुढे स्मरणशक्ती जाते, गोंधळ सुरू होतो, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

उलट बाजूही तितक्याच कळकळीने सांगायला हवी. ‘हे आधी घडलंय’ असं निरोगी माणसांनाही अधूनमधून वाटतं. वर्षातून एखाद्या वेळी तसं वाटलं म्हणून घाबरू नका. अपस्माराचा झटका ओळखायचा तो त्याच्या साचेबंदपणावरून. तो अचानक येतो, थोडा वेळ टिकतो, आणि दरवेळी जवळपास तस्साच येतो : तीच जागा, तोच क्रम, तोच शेवट. तो कुठेही गाठतो, झोपेतूनही उठवतो. पॅनिक अॅटॅकमधली भीती मिनिटामिनिटाने चढते, सहसा बराच वेळ टिकते, त्यात ‘आता मरतो’ असे विचार गर्दी करतात. झटक्यातली भीती मात्र विचारांआधी येते आणि सेकंदांत निघून जाते. अर्धशिशीत डोळ्यांपुढे येणाऱ्या वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा पाच ते वीस मिनिटं हळूहळू पसरत जातात. झटक्यातले रंगीत ठिपके क्षणात येतात आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत मिटतात. पक्षाघाताच्या इशाऱ्यात हात लुळा पडतो, बधिर होतो. झटक्यात बहुतेक वेळा उलट, हात उडतो, मुंग्या येतात. पण इथे एक सक्त सूचना आहे : हाताची शक्ती पहिल्यांदाच अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद पडलं, तर हा झटका की पक्षाघात असा खल करत घरी बसू नका. १०८ ला फोन करा. तो निर्णय इस्पितळात होऊ द्या.

आता ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संदेशांच्या आलेखाबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. ‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे फिट नाही’ हे वाक्य रुग्ण फाइलमध्ये जपून आणतात. हे वाक्य चुकीचं आहे. ईईजीच्या तारा टाळूवर चिकटवलेल्या असतात. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटिमीटर भाग एकाच वेळी पेटला, तरच ती गडबड कवटीतून पार होऊन कागदावर उमटते. शुद्ध शाबूत राहणाऱ्या झटक्यात पेटलेला भाग बहुधा याहून लहान किंवा खोलवर असतो. म्हणून ऐन झटक्यात काढलेला ईईजीसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा स्वच्छ दिसतो. झटका नसताना वीस-तीस मिनिटं काढलेल्या ईईजीची तर गोष्टच सोडा. रात्री जागरण करून झोपेतला ईईजी, पुन्हा केलेला ईईजी, गरज पडल्यास काही दिवस व्हिडिओसह चालू ठेवलेला ईईजी यांनी शक्यता वाढते. एमआरआयही ‘अपस्मारासाठी’ असं स्पष्ट लिहून, त्याच्या खास पद्धतीने काढून घ्यायला हवा. साध्या पद्धतीच्या एमआरआयमध्ये बारीक दोष निसटतात. आणि हेही लक्षात असू द्या की ईईजीतल्या एखाद्या निरुपद्रवी उंचवट्यावरून ज्याला फिट नाही अशा माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. निदान यंत्र करत नाही. ते तुमच्या सांगण्यावर उभं राहतं, यंत्र साक्ष देतं किंवा देत नाही.

म्हणून तुमचं सांगणं नीट जपा. झटका गेल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, सुरुवात कुठून झाली ते लिहा. पहिली जाणीव सर्वांत मोलाची असते, कारण मेंदूचा कोणता कोपरा पेटला ते तीच सांगते. घड्याळ बघा. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी, काहींचे झटके त्या दिवसांत वाढतात. जागरण, उपास, दारू, चुकलेली गोळी याची नोंद करा. घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. अंगावरचं पांघरूण काढून चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा घ्या, आणि झटका पूर्ण संपून माणूस सरळ बोलू लागेपर्यंत चालू ठेवा. त्या वेळी त्याला नाव विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा, एखादा शब्द द्या, ‘नारळ’ म्हणा, आणि नंतर तो आठवतोय का ते विचारा. त्याला वाटत असतं आपण पूर्ण भानावर होतो, पण तो शब्द अनेकदा आठवत नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. लायसन्सच्या अर्जासोबतच्या प्रकृतीच्या घोषणापत्रात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खोटं लिहू नका, आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत दुचाकीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. एकट्याने विहिरीवर, नदीवर पोहायला जाऊ नका.

फॅमिली डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी महिनोन् महिने न हटणारी, मिनिटभराची, साचेबंद ‘पोटातली उसळी’ दिसली की एकदा मेंदूचा विचार करा. मानसोपचारतज्ज्ञांकडे येणारा, कारणाशिवाय आणि झोपेतूनही येणारा काही सेकंदांचा ‘पॅनिक’ हाही तसाच. नेत्रतज्ज्ञांकडे येणारे रंगीत ठिपकेही तसेच. आणि पहिल्या मोठ्या झटक्यानंतर आलेल्या प्रत्येक रुग्णाला आधीच्या लहान प्रसंगांबद्दल नेमकं, नावं घेऊन विचारा. असा एखादा झटका आधीच येऊन गेलेला असेल, तर हा ‘पहिला झटका’ राहत नाही, उपचाराचा निर्णयच बदलतो. शिक्षकांनो, उत्तर देताना मधेच अर्धं मिनिट गप्प होणारा, मग काही न घडल्यासारखा बोलू लागणारा विद्यार्थी उद्धट असेलच असं नाही. मारण्याआधी, ओरडण्याआधी पालकांना बोलावून सांगा.

जे आधीच फिटच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनाही सांगायचं आहे. ‘मोठी फिट बंद झाली, आता फक्त मधूनमधून थोडंसं तसं होतं,’ असं म्हणून ते डॉक्टरांपासून लपवू नका. ते ‘थोडंसं’ म्हणजे झटकाच. गवताच्या गंजीत धुमसणाऱ्या ठिणगीसारखा तो कधीही पसरू शकतो. पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका, आणि एकदम बंद तर मुळीच करू नका. अचानक थांबवलेल्या गोळीमुळे न थांबणारा झटका येऊन माणसं दगावतात. नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूल होण्याच्या वयातल्या मुलींनी आणि स्त्रियांनी कोणती गोळी आपल्याला चालेल हे आधीच विचारून घ्यावं.

कुटुंबांच्या मनातली खरी भीती निराळी असते, ती मला माहीत आहे. मुलीच्या फाइलवर अपस्मार हा शब्द चढला तर लग्न कसं जमणार? या भीतीपायी मुली पित्ताच्या गोळ्या खात बसतात, किंवा अमावास्येला उतारे टाकले जातात, भगताकडे धाग्यादोऱ्यांत वर्षं जातात. कायदा केव्हाच पुढे गेला आहे. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्माराची अट काढून टाकली गेली. आणि उपचारांची बाजू भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य निदान आणि औषध मिळालं तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. औषधांना न जुमानणाऱ्या काहींसाठी शस्त्रक्रिया आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती १९९५ पासून होते, मुंबईतही होते. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या गटातली ७७ टक्के मुलं वर्षभराने झटकामुक्त होती; फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात हेच प्रमाण ७ टक्के होतं. या शस्त्रक्रियेसाठी सर्जनला पहिला सुगावा देते ती झटक्याच्या सुरुवातीची, शुद्धीवर असताना जाणवलेली खूणच.

झटका पाच मिनिटांत थांबला नाही, एकामागून एक येऊ लागला, ताप आणि मान आखडण्यासोबत आला, गरोदरपणात आला किंवा डोक्याला मार लागल्यावर आला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा. बाकीच्यांनी, ज्यांना वरचं वाचताना स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा प्रसंग आठवला असेल त्यांनी, याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्यावी. तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. तारीख लांबची मिळाली, तर तोवर गावातल्या डॉक्टरांकडून रक्तातली साखर आणि सोडियम तपासून घ्या. जाताना नोंदीची वही, मोबाइलवरचा व्हिडिओ, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि तो झटका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस, हे सगळं सोबत न्या.